विक्लिफला कुणी जिवंत जाळलं नव्हतं

नाताळ जवळ आला की आमच्या ग्रुपवर चांदण्या, गोठ्याचे फोटो, केकच्या ऑर्डरी आणि जॉन विक्लिफ हे सगळं एकदमच यायला लागतं. पहिल्या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. विक्लिफचा मेसेज मात्र मी गेली काही वर्षं वाचतोय आणि दर वर्षी त्याला एखादी नवी ओळ चिकटलेली असते. यंदाचा मजकूर असा :

"चौदाव्या शतकात चर्चने बायबल लोकभाषेत आणायला जगभर बंदी घातली होती. इंग्लंडमधल्या जॉन विक्लिफ या गरीब पाद्र्याने जिवाची पर्वा न करता एकट्याने बायबल पहिल्यांदा इंग्रजीत आणलं. याच गुन्ह्यासाठी पोपने त्याला १३८४ मध्ये जिवंत जाळलं आणि राख नदीत फेकली. 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' हे शब्द त्याच्याच बायबलच्या प्रस्तावनेतले, लिंकनने ते तिथून उचलले. विक्लिफ म्हणजे इंग्लंडचे ज्ञानेश्वरच! मार्टिन ल्यूथर त्यांचाच शिष्य. जास्तीत जास्त शेअर करा."

मी ग्रुपवर दोन ओळींत हरकत घेतली, तर एका काकांनी लगेच विचारलं, "माणूस मोठा होता ना? मग कशाला खुसपट काढतोस?" मोठा होता, काका. पण या मेसेजमधला माणूस तो नव्हेच. तुम्ही ज्याला हात जोडताय तो तीन वेगवेगळ्या माणसांची मोट बांधून तयार झालाय. दोन ओळींत ते मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात आगीपासून करू, कारण मेसेज फिरतो तो तिच्या जोरावर.

"जिवंत जाळलं." विक्लिफ वारला तो लटरवर्थला. लेस्टरशरमधलं हे छोटं गाव. १३७४ पासून तिथल्या चर्चचा तो रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू होता. १३८२ मध्ये त्याला पक्षाघाताचा पहिला झटका आला. दुसरा आला २८ डिसेंबर १३८४ ला, ऐन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना. त्यानंतर त्याची वाचा गेली आणि ३१ डिसेंबरला तो गेला. लटरवर्थलाच त्याला पुरलं. मरेपर्यंत तिथलं पद त्याच्याकडेच होतं. पाखंड्याला जाळायचा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटने केला तो १४०१ मध्ये, म्हणजे विक्लिफला जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

मग मेसेजमधली आग आली कुठून? माझ्या मते तीन आगी एकात मिसळल्या आहेत. पहिली यान हुस या प्रागच्या धर्मोपदेशकाची. त्याला ६ जुलै १४१५ ला कॉन्स्टन्स शहरात जिवंत जाळलं. तिसरी विल्यम टिंडेलची. त्याने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणून १५२६ मध्ये छापला. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ फिलफोर्डे इथे त्याचा गळा आवळला आणि मग देह जाळला. मधली आग मात्र खरोखर विक्लिफची आहे. फक्त ती पेटवली तेव्हा तो हाडांपुरता उरला होता.

या हाडांची गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी विचित्र आहे. ज्या कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने हुसला जाळलं, तिनेच त्याच्या दोन महिने आधी, ४ मे १४१५ ला, विक्लिफला पाखंडी ठरवलं आणि त्याची हाडं पवित्र भूमीतून उकरून बाहेर टाकायचा हुकूम काढला. हुकूम बजावायचा होता लिंकन या इंग्लिश शहराच्या बिशपने, कारण लटरवर्थ त्याच्या धर्मप्रांतात. आणि बिशप कोण? फिलिप रेपिंग्डन. हा गृहस्थ तरुणपणी ऑक्सफर्डमध्ये विक्लिफचा कट्टर समर्थक होता. १३८२ मध्ये माघार घेऊन सुटला आणि पुढे बिशपपदापर्यंत चढला. जुन्या गुरूच्या थडग्याला त्याने हात लावला नाही. मन खात होतं, कंटाळा होता की राजकारण, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच्यानंतर आलेला बिशप रिचर्ड फ्लेमिंग, त्याच्याही तरुणपणाला विक्लिफच्या विचारांचा वास होता म्हणतात. पण १४२७ च्या अखेरीस पोप पाचव्या मार्टिनचं पुन्हा फर्मान आलं आणि १४२८ मध्ये फ्लेमिंगने ते बजावलं. हाडं उकरली, जाळली आणि राख गावाखालून वाहणाऱ्या स्विफ्ट नावाच्या नदीत टाकली. मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी. मेसेजमधली राख आणि नदी खरी आहे ती एवढीच.

आता "याच गुन्ह्यासाठी". इथे जरा थांबतो, कारण मेसेजची सगळ्यात मोठी चूक हीच आहे आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

विक्लिफवर ठपका ठेवणाऱ्या याद्या आहेत, तारखांसकट. २२ मे १३७७ ला पोप अकराव्या ग्रेगरीने त्याच्या मतांविरुद्ध एकदम पाच फर्मानं काढली. १३८२ च्या मे महिन्यात लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्स मठात आर्चबिशप कोर्टनीने बोलावलेल्या सभेने त्याची चोवीस मतं दोषी ठरवली. दहा पाखंडी, चौदा चुकीची. कॉन्स्टन्सला पंचेचाळीस. या याद्या तुम्ही वरपासून खालपर्यंत वाचा. बायबलचं भाषांतर केलं, हा आरोप एकाही यादीत नाही.

मग आहे काय? चोवीसातली पहिली तीन मतं भाकरीबद्दल आहेत. मिस्सामध्ये धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसावर जे शब्द उच्चारतो, त्यानंतर भाकरीचं मूळ तत्त्व उरतच नाही, दिसायला तेवढी भाकर, असली ती ख्रिस्ताचं शरीर, अशी चर्चची शिकवण. विक्लिफ म्हणाला, भाकर भाकरच राहते. ख्रिस्त तिथे असतो, पण भाकरीला हुसकावून नाही. आपल्याला हा तर्कशास्त्राचा कीस वाटेल, पण त्या काळी धर्मगुरूचं सगळं वजन या एका कृतीवर तोललेलं होतं. उरलेल्या मतांत आणखी दारूगोळा : पापात बुडालेल्या धर्माधिकाऱ्यांची मालमत्ता राजाने काढून घ्यावी, भिक्षेकरी संन्याशांनी भीक न मागता हातांनी कष्ट करून खावं, सहाव्या अर्बननंतर कुणालाच पोप मानू नये.

या शेवटच्या मताला संदर्भ आहे. १३७८ पासून युरोपात दोन पोप होते, एक रोममध्ये आणि एक अॅव्हिन्यॉनला, आणि दोघंही एकमेकांना ख्रिस्तद्रोही ठरवत होते. ज्याला आधीपासूनच पोपची गरज वाटत नव्हती, त्याला हा तमाशा आयताच मिळाला.

ब्लॅकफ्रायर्सच्या सभेचा एक किस्सा सांगायलाच हवा. २१ मे १३८२ ला सभा भरलेली असताना इंग्लंडला भूकंपाचा धक्का बसला. जमलेले पंडित घाबरले. कोर्टनी डगमगला नाही. म्हणाला, पृथ्वी पोटातला दूषित वायू बाहेर टाकतेय, तसंच आपल्यालाही हे पाखंड राज्याबाहेर टाकायचंय. तिकडे विक्लिफने त्याच भूकंपाचा अर्थ लावला की देव त्या सभेवर कोपला. दोघांनाही भूकंप आपल्याच बाजूचा वाटला.

"गरीब पाद्री." हा शब्द वाचून मला हसू येतं. विक्लिफ ऑक्सफर्डचा नावाजलेला पंडित होता, बेलियल कॉलेजचा प्रमुख राहिलेला. फिलिंगहॅमच्या चर्चचं उत्पन्न त्याच्या नावावर होतं आणि बिशपची परवानगी काढून तो राहत होता ऑक्सफर्डला. वेस्टबरीच्या चर्चमधलंही एक वतन होतं. तिथेही तो क्वचितच. गावात न राहता गावचं उत्पन्न खाणाऱ्या धर्मगुरूंवर त्याने पुढे सडकून टीका केली, ती अनुभवाचे बोल म्हणूनच वाचावी लागते. १३७४ मध्ये राजाचा वकील म्हणून तो पोपच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करायला ब्रूजला गेला, दिवसाला वीस शिलिंग भत्त्यावर. त्याचा पाठीराखा होता राजपुत्र जॉन ऑफ गॉन्ट, म्हणजे देशातला सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात नावडता सरदार. चर्चची मालमत्ता राजा काढून घेऊ शकतो, असं सांगणारा पंडित अशा माणसाला का हवा होता, हे काही वेगळं सांगायला नको.

१९ फेब्रुवारी १३७७ ला विक्लिफला सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये जबाब द्यायला बोलावलं, तेव्हा तो गॉन्ट आणि लॉर्ड पर्सी यांच्या सोबतीने आत शिरला. पर्सी त्याला म्हणाला, बस, तुला बऱ्याच गोष्टींची उत्तरं द्यायचीत. कोर्टनी तेव्हा लंडनचा बिशप होता. तो म्हणाला, आरोपीने उभंच राहायचं. बसायचं की उभं राहायचं, यावरून जी जुंपली ती शिव्यांवर गेली. बिशपला केसांना धरून बाहेर ओढीन, असं काहीसं गॉन्ट पुटपुटला. ते ऐकून लंडनकर खवळले, कारण गॉन्टवर त्यांचा आधीच दात होता. सुनावणी तिथेच उधळली. या सगळ्या रणधुमाळीत ज्याची सुनावणी होती त्या विक्लिफने तोंड उघडल्याची नोंद नाही.

पुढे भाकरीचा प्रश्न काढल्यावर हाच गॉन्ट ऑक्सफर्डला येऊन त्याला गप्प बस म्हणाला. तो गप्प बसला नाही, आणि मेसेजवाल्यांना धाडस दाखवायचंच असेल तर ते इथे आहे. मालमत्तेच्या वादात मागे उभे राहिलेले सरदार आणि भिक्षेकरी संन्यासी, दोघंही त्याला भाकरीच्या वादात सोडून गेले, तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. १३८१ मध्ये ऑक्सफर्डही सुटलं आणि उरलेली वर्षं त्याने लटरवर्थला लिहिण्यात घालवली.

"एकट्याने." इंग्रजी बायबलवर विक्लिफचं नाव आहे आणि कल्पना, प्रेरणा त्याची असावी, हे त्याच्या शत्रूंनीही लिहून ठेवलंय. लेस्टरचा इतिहासकार हेन्री नाइटन चडफडत लिहितो की याने शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) इंग्रजीत आणून मोती डुकरांपुढे टाकले. पण हस्तलिखितं वेगळी साक्ष देतात. जुन्या कराराच्या एका प्रतीत मजकूर बारूख नावाच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात, मध्येच थांबतो, आणि दुसऱ्या एका प्रतीत नेमकं त्याच जागी लिहिलंय : इथे निकोलस हेरफर्डचं भाषांतर संपलं. हेरफर्ड हा विक्लिफचा ऑक्सफर्डमधला साथीदार. १३८२ च्या सभेनंतर तो पोपकडे दाद मागायला थेट रोमला गेला आणि तिथे तुरुंगात पडला. हातातलं वाक्य अर्धवट टाकून तो निघाला असावा, असा जुना तर्क आहे. तो खरा असो वा नसो, ते अर्धं वचन पाहिलं की भाषांतर हे हाडामांसाच्या माणसांनी टेबलाशी बसून केलेलं काम होतं, हे पटतं. (हेरफर्ड पुढे तुरुंगातून सुटला, इंग्लंडला परतला, काही वर्षांनी त्याने विक्लिफची मतं सोडली आणि शेवटी तो मठात जाऊन राहिला. त्याच्यावर कुणी मेसेज करत नाही.)

शिवाय भाषांतरं दोन आहेत. पहिलं लॅटिनला इतकं चिकटून की शब्दांचा क्रमही लॅटिनचाच. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला तिथे देव म्हणतो, 'होवो प्रकाश', आणि मग 'झाला प्रकाश'. मराठीला ही उलटापालट पचते, ओवीत तर शोभतेही. इंग्रजीला ती पचली नाही. म्हणून विक्लिफच्या मृत्यूनंतर काही वर्षांत दुसऱ्यांनी सगळं पुन्हा सरळ इंग्रजी वळणाने लिहून काढलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कामाची पद्धत सांगितलीय : आधी जुन्या लॅटिन प्रती जमवून शुद्ध पाठ ठरवला, मग टीका वाचल्या, अवघड शब्दांसाठी व्याकरणकारांना विचारलं आणि शेवटी वाक्याच्या अर्थाप्रमाणे भाषांतर केलं. हे सगळं अनेक मदतनीस घेऊन. नावं दिलेली नाहीत. त्या काळी ती देणं धोक्याचंही होतं.

हे आपल्याकडेही झालंय. बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघालेलं पहिलं छापील मराठी शुभवर्तमान विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याच्या नावावर जमा आहे. त्याला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित किती जणांना ठाऊक आहेत?

"पहिल्यांदा." संपूर्ण बायबल इंग्रजीत पहिल्यांदा आलं, असं म्हणा, मान्य. 'बायबल पहिल्यांदा' म्हणू नका. बीड हा संन्यासी ७३५ मध्ये मरणशय्येवर योहानाच्या शुभवर्तमानाचं भाषांतर सांगत होता. दहाव्या शतकात अॅल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लिंडिसफार्नच्या सुंदर लॅटिन प्रतीत ओळींच्या मधे बारीक अक्षरांत इंग्रजी शब्द लिहिले. त्याच शतकाच्या अखेरीला चारही शुभवर्तमानं इंग्रजीत होती. विक्लिफच्या लहानपणी रिचर्ड रोल या एकांतवासी साधूने बायबलमधली स्तोत्रसंहिता इंग्रजीत आणली होती आणि ती सुखाने वाचली जात होती.

"जगभर बंदी." असा कुठलाही जागतिक हुकूम नव्हता. फ्रेंचमध्ये तेराव्या शतकातच संपूर्ण बायबल होतं, चेकमध्ये चौदाव्या शतकात. बंदी यायची ती जागोजागी, जिथे चर्चला बंडाचा वास यायचा तिथे. उदाहरणार्थ १२२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजला. इंग्लंडची पाळी आली ती विक्लिफमुळेच आणि विक्लिफनंतर. आर्चबिशप अरंडेलने १४०७ मध्ये ऑक्सफर्डला नियम तयार केले, १४०९ मध्ये ते लागू झाले : विक्लिफच्या काळात किंवा नंतर झालेलं कुठलंही भाषांतर बिशपच्या मंजुरीवाचून वाचायचं नाही. म्हणजे मेसेजने कारण आणि परिणामाची अदलाबदल केलीय. बंदी होती म्हणून त्याने भाषांतर केलं असं नसून, भाषांतर त्याच्या नावाचं म्हणून बंदी आली.

ती बंदीही दुतोंडी होती. विक्लिफच्या नावाच्या बायबलची सुमारे अडीचशे हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत. त्या काळच्या इंग्रजीतल्या दुसऱ्या कुठल्याही ग्रंथाच्या इतक्या प्रती उरलेल्या नाहीत. त्यातली एक राजा सहाव्या हेन्रीच्या मालकीची होती. राजाच्या कपाटात ती शोभेची वस्तू होती, आणि चांभार-विणकराच्या घरात सापडली तर पाखंडाचा पुरावा.

आणि चर्चला लोकभाषेचं वावडंच होतं म्हणावं, तर आपल्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये राचोलला ख्रिस्तपुराण छापलं, अकरा हजार ओव्यांच्या आसपास, मराठीत, चर्चच्या परवानगीने. हा स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूमही काढला. दोन्ही खरं आहे. 'चर्चने बंदी घातली' या तीन शब्दांत यातलं काहीच बसत नाही.

अब्राहम लिंकनचं प्रकरण झटकन उरकतो. 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' हे वाक्य विक्लिफच्या बायबलच्या प्रस्तावनेत नाही. ती प्रस्तावना छापलेली आहे, कुणीही वाचावी. शिवाय ती लिहिली गेली विक्लिफ गेल्यानंतर. राजाने चर्चवर हुकमत चालवावी, असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी लोकशाही घालणं म्हणजे बादरायण संबंध.

ज्ञानेश्वरांची तुलना भावनेपोटी आली असेल, पण ज्ञानेश्वरी भाषांतर नाही. ती गीतेवरची टीका आहे आणि स्वतःच काव्य आहे. विक्लिफने स्वतः जे लिहिलं ते जवळजवळ सगळं लॅटिनमध्ये, आणि ते वाचताना ऑक्सफर्डच्या पंडितांनाही घाम फुटायचा.

उरला ल्यूथर. तो जन्मला १४८३ मध्ये, विक्लिफनंतर शंभर वर्षांनी, त्यामुळे शिष्य हा शब्द बादच. आणि भाकरीच्या प्रश्नावर तो विक्लिफइतका पुढे कधी गेला नाही. दोघांना जोडणारा धागा आहे, पण तो जातो प्रागवरून. १३८२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने बोहेमियाची, म्हणजे प्राग ज्याची राजधानी त्या चेक राज्याची, राजकन्या अॅन हिच्याशी लग्न केलं आणि प्राग-ऑक्सफर्ड ये-जा वाढली. चेक विद्यार्थी विक्लिफचे ग्रंथ उतरवून घरी नेऊ लागले. १३९८ मध्ये हुसने स्वतःच्या हाताने त्याचे काही ग्रंथ उतरवले. त्या वहीच्या समासात चेक भाषेत एक शेरा आहे : विक्लिफ, विक्लिफ, तू पुष्कळांची डोकी डळमळवशील. चेकमध्ये डळमळवणं या क्रियापदाचा उच्चार विक्लिफच्या नावाशी जुळतो, म्हणजे शाब्दिक कोटीच झाली. बारा वर्षांनी प्रागच्या आर्चबिशपने त्याच विक्लिफच्या पुस्तकांची होळी केली. तरीही आज त्याच्या लॅटिन ग्रंथांची हस्तलिखितं इंग्लंडपेक्षा प्राग आणि व्हिएन्नामध्ये जास्त सापडतात.

ते उतरवणाऱ्यांपैकी दोघं, मिकुलाश फाउल्फिश आणि यिर्झी क्न्येह्निट्स, १४०६-०७ च्या सुमारास इंग्लंडभर हिंडले. बायबलच्या सत्यतेवरचा विक्लिफचा जाडजूड ग्रंथ त्यांनी अक्षर अक्षर उतरवून घेतला, ऑक्सफर्डच्या प्रतीशी ताडून पाहिला आणि परत निघाले. संतांच्या अवशेषांची पूजा म्हणजे थोतांड, असं विक्लिफ सांगत आला होता. प्रागला पोचल्यावर फाउल्फिशने पोतडीतून ग्रंथांबरोबर आणखी एक वस्तू काढली आणि तिथल्या लोकांनी ती भक्तिभावाने जपून ठेवली : विक्लिफच्या थडग्याच्या दगडाचा एक टवका.